कस्तुरीमृगाचे हार्मोन लेंडीतून कसे वाचायचे: पुण्यात राहून करायची तयारी

कस्तुरीमृगाच्या नरात टेस्टोस्टेरॉन (नराचे मुख्य लैंगिक हार्मोन) वाढले की कस्तुरी वाढते, असे वाक्य पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. त्यातला निम्मा भाग खरा आहे. टेस्टोस्टेरॉनशिवाय कस्तुरी तयार होत नाही, हे नक्की. पण त्याच नराचे टेस्टोस्टेरॉन वर्षातून दोनदा चढते. एकदा मे ते जुलैच्या सुमारास आणि पुन्हा नोव्हेंबर ते जानेवारीत, म्हणजे माजाच्या हंगामात. कस्तुरी मात्र पहिल्या वेळीच स्रवते. थंडीत हार्मोन भरपूर असूनही पोटाखालच्या कस्तुरीच्या पिशवीत नवी भर पडत नाही. हा विषय घेणाऱ्याने हे कोडे पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवावे, कारण एका नमुन्याच्या एका आकड्यावरून कस्तुरीबद्दल काहीच का सांगता येत नाही, ते इथेच समजते. त्याच नराचे पूर्ण वर्ष, त्याची स्वतःची नेहमीची पातळी आणि त्या त्या दिवशीची ग्रंथीची अवस्था, हे तिन्ही जवळ असले तरच आकडा बोलतो.

पुण्यात किंवा शिरवळला प्राणिशास्त्र, पशुवैद्यक, जीवरसायन शिकणाऱ्या आणि पुढे हिमालयातल्या प्राण्यांवर काम करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. पुण्यात कस्तुरीमृग नाही, आणि इथे आणण्याचा विचारही करू नये. हा प्राणी राहतो हिमालयात, साधारण अडीच हजार मीटरच्या वरच्या जंगलात. आपले शहर ५६० मीटरच्या आसपास, आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. पण लेंडीतून हार्मोन मोजण्याचे सगळे कसब पुण्यात बोकडावर शिकता येते, आणि शिकूनच पुढे जावे. दुर्मीळ प्राण्याच्या नमुन्यावर हात बसवायचा नसतो.

आधी प्राणी आणि त्याचे वर्ष

नावात मृग असले तरी हा हरणांच्या कुळातला नाही. त्याचे कुळ वेगळे. नराला शिंगे नसतात, वरच्या जबड्यातून खाली आलेले दोन लांब सुळे असतात. हरणांना नसणारे पित्ताशय याला असते. वजन दहा ते पंधरा किलो, म्हणजे आपल्या बोकडापेक्षाही हलका. एकटा राहणारा, आपली हद्द राखणारा आणि कमालीचा भित्रा. विष्ठा ठरावीक जागी टाकण्याची त्याला सवय असते. नमुने गोळा करणाऱ्याला ही सवय सोयीची, पण एकाच जागी दोन जनावरे येत असतील तर तीच घात करते.

कस्तुरीची ग्रंथी फक्त नराला असते, बेंबी आणि जननेंद्रिय यांच्या मधोमध. स्राव सुरू होण्याचे दिवस जवळ आले की नर कमी खातो, अस्वस्थ दिसतो, वृषण आणि ग्रंथीचा भाग सुजल्यासारखा होतो. मुख्य जोराचा स्राव मोजके दिवस चालतो. तेव्हा जे पिशवीत उतरते ते पांढरट, पातळ असते आणि त्याला आपण ओळखतो तो वास नसतो. पुढचे दोनेक महिने ते पिशवीतच पिकते, पाणी कमी होत जाते आणि तपकिरी, दाणेदार कस्तुरी तयार होते. तिच्या वासाचे मुख्य द्रव्य मस्कोन. त्याची रचना लिओपोल्ड रुझिच्का यांनी १९२६ साली उलगडली. आज अत्तरवाल्यांना कृत्रिम कस्तुरीगंध वापरता येतो.

चीनमध्ये १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून हे प्राणी पाळले जातात. तिथे पिकलेली कस्तुरी जिवंत नराच्या पिशवीतून बारीक चमच्याने काढतात. आपल्याकडे उत्तराखंडात केदारनाथ अभयारण्याच्या परिसरात कांचुला खर्क येथे १९८२ साली प्रजनन केंद्र सुरू झाले होते, पण बंदिवासात हा प्राणी टिकवणे तिथे फार अवघड गेले. शिकाऱ्यांची पद्धत याहून क्रूर. एका प्रौढ नराच्या पिशवीत साधारण पंचवीस ग्रॅम कस्तुरी धरली तर किलोमागे चाळीस नर मारावे लागतात. शिवाय फासे नर-मादी बघत नाहीत. जिच्यात कस्तुरीचा कणही नाही ती मादी आणि तिची पिल्लेही त्यात मरतात. बंदिवासातल्या नरांचा अभ्यास महत्त्वाचा वाटतो तो यासाठी.

हार्मोनची साखळी

दिवस लहानमोठा झाल्याची खबर डोळ्यांवाटे मेंदूला लागते, रात्री स्रवणाऱ्या मेलॅटोनिनचा काळ बदलतो, मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो, पिट्युटरी वृषणांना, आणि वृषणांतून टेस्टोस्टेरॉन रक्तात येते. त्यातले काही पुढे इस्ट्रॅडिओल या दुसऱ्या लैंगिक हार्मोनमध्ये बदलते. बंदिवासातल्या नरांच्या लेंड्या तपासल्यावर स्रावाच्या काळात ही दोन्ही हार्मोने चढलेली आढळली आहेत. म्हणून टेस्टोस्टेरॉन एकटे मोजू नका. दोन्ही मोजा आणि सोबत ताणाचे हार्मोन कॉर्टिसॉलही.

मग थंडीत कस्तुरी का नाही? हार्मोन रक्तात असून भागत नाही, ते ओळखून घेणारे ग्राहक रेणू ग्रंथीच्या पेशींत तयार असावे लागतात, आणि ग्रंथीची स्वतःची अवस्थाही ऋतूप्रमाणे बदलते. लेंडी आपल्याला हार्मोन सांगते, ग्रंथीची तयारी सांगत नाही. ही मर्यादा प्रबंधाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी असे माझे मत आहे.

कॉर्टिसॉल कशासाठी? ताण लांबला की मेंदूकडून वृषणांकडे जाणारा इशाराच मंदावतो. गर्दीत ठेवलेल्या कस्तुरीमृगांच्या लेंड्यांत कॉर्टिसॉल जास्त सापडल्याची नोंद आहे. एखाद्या नराचे टेस्टोस्टेरॉन उतरलेले दिसले तर वय, आजार, शेजारचा दांडगा नर, कुंपणापलीकडचे भुंकणारे कुत्रे, यांतले कारण शोधायला कॉर्टिसॉलचा आलेख हाताशी हवा.

एक प्रश्न हमखास विचारला जातो: बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचले तर? असे प्रयोग चीनमध्ये झालेले आहेत आणि त्याने स्राव सुरू करता येतो. पण बाहेरून हार्मोन आले की शरीर स्वतःचे बनवणे कमी करते, वृषण सुस्तावतात, आणि ज्या नराकडून प्रजनन हवे आहे तोच निकामी होण्याचा धोका असतो. संवर्धनासाठी प्राणी पाळायचे असतील तर ही वाट धरू नये.

परवानगी

कस्तुरीमृग वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. कस्तुरी बाळगणे, विकणे, विकत घेणे हा गुन्हा आहे. घरी पूर्वापार डबीत आहे म्हणून तो सुटत नाही. रविवार पेठेत किंवा कुठेही कोणी ‘अस्सल कस्तुरी’ दाखवली तर संदर्भ नमुना म्हणून चिमूटभरसुद्धा घेऊ नका. (कस्तुरीभेंडीचे बी वनस्पतीचे आहे, त्याचा कस्तुरीवरच्या या बंदीशी संबंध नाही.) प्राणिसंग्रहालयातल्या जनावराच्या लेंड्या उचलायलाही तिथल्या संचालकांची लेखी परवानगी लागते, जंगलातल्या नमुन्यांसाठी त्या राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची. शेळ्यांसाठी मालकाची संमती घ्या आणि कॉलेजच्या प्राणी नीतिमत्ता समितीला कळवा. जनावराला हात लागणार नसला तरी कागद असू द्या.

सराव कोणावर करायचा

माझी शिफारस बोकडाची. तोही रवंथ करतो, त्याची लेंडी साधारण तशीच असते, आणि मुख्य म्हणजे त्याच्याही अंगावर टेस्टोस्टेरॉनच्या हुकमाने चालणाऱ्या गंधग्रंथी आहेत. माजावर आलेल्या बोकडाचा उग्र दर्प शिंगांच्या मागच्या भागातल्या तेलकट ग्रंथींतून येतो. खच्ची केलेल्या बोकडाला तो येत नाही. म्हणजे हार्मोन, ग्रंथी आणि वास हे तिन्ही दुवे इथे समोर आहेत आणि तपासता येतात.

जुन्नर, शिरूर, दौंड, पुरंदर, कुठेही उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळ्या ठेवणारा ओळखीचा शेळीपाळक शोधा. त्याच्याकडे तीन-चार पैदाशीचे आणि तितकेच खच्ची बोकड एकाच वयाचे, एकाच चाऱ्यावरचे मिळाले तर उत्तम. खच्ची बोकड हा तुमच्या पद्धतीचा कस आहे. त्याच्या लेंडीत टेस्टोस्टेरॉनचा आकडा पैदाशीच्या बोकडाइतकाच येत असेल, तर तुमची चाचणी टेस्टोस्टेरॉन सोडून दुसरेच काहीतरी मोजते आहे. ही खात्री पटल्याशिवाय एकही पुढचा नमुना खर्ची घालू नका.

बोकडात एक गोष्ट मिळणार नाही, ती म्हणजे ठळक ऋतुचक्र. पुण्यात सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि सर्वांत लहान अकरा तासांचा, फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. गढवालच्या अक्षांशावर हाच फरक चार तासांच्या घरात जातो. आपल्या शेळ्या जवळपास वर्षभर माजावर येतात. तेव्हा बोकडाचा आलेख सपाट आला म्हणून निराश होऊ नका.

दिसणारी खूण आणि हार्मोन यांची सांगड घालायला शिकायचे असेल तर दुसरा टप्पा चितळाचा. कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात चितळ आहेत. नराच्या शिंगांवर मखमल असते तेव्हा टेस्टोस्टेरॉन कमी असते, ते चढले की मखमल सुकून गळते आणि शिंगे कडक होतात. आणि चितळात प्रत्येक नराचे हे चक्र आपापल्या वेळेला चालते, त्यामुळे एकाच आठवड्यात मखमलीचे आणि कडक शिंगांचे नर शेजारी शेजारी दिसतात. कस्तुरीमृगाच्या ग्रंथीची अवस्था नोंदवण्यासाठी हा फार चांगला सराव आहे.

लेंड्या गोळा करणे

सगळ्यात जास्त नमुने इथेच बिघडतात, यंत्रावर नव्हे. जमिनीवर पडल्यावरही लेंडीतले जीवाणू या हार्मोनांची मोडतोड चालूच ठेवतात. उन्हात तासन्‌तास पडलेली लेंडी घेऊ नका. पडताना बघितलेली किंवा तासाभरातली, वरून ओलसर चकाकणारीच घ्या. गोठा झाडायच्या आधी, रोज साधारण एकाच वेळी जा. लघवी लागलेल्या लेंड्या टाळा, कारण लघवीतही हार्मोनचे अवशेष असतात आणि आकडा उगाच फुगतो. एका वेळच्या ढिगातून आठ-दहा लेंड्या वेगवेगळ्या जागच्या घ्या आणि एकत्र करा, कारण हार्मोन सगळ्या लेंड्यांत सारखे पसरलेले नसते.

हातमोजे, झिपलॉक पिशवी, पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी पिशवीच्या आत आणि मार्करने बाहेर. शाई ओलाव्याने पुसते, पेन्सिल टिकते. जनावराचे नाव, तारीख, वेळ, आदल्या दिवशीचा चारा, पाऊस, आणि काही वेगळे घडले का: लसीकरण, नवे जनावर, लग्नाची वरात, दिवाळीचे फटाके. कॉर्टिसॉलचा एखादा उंचवटा पुढे याच रकान्यातून उलगडतो. रवंथ करणाऱ्यांत लेंडीतले हार्मोन साधारण अर्ध्या ते एका दिवसापूर्वीची स्थिती दाखवते, त्यामुळे आदल्या दिवसाची नोंद आजच्या नमुन्याइतकीच महत्त्वाची.

थर्माकोलच्या डब्यात बर्फाचे जेलपॅक घालून नमुने त्याच दिवशी प्रयोगशाळेत आणा आणि उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवा. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर फ्रीझर बॅकअपवर आहे का ते आधी विचारा. नमुना वितळून पुन्हा गोठला की त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही. शीतसाखळी अशक्यच असेल तर इथेनॉलमध्ये बुडवून ठेवता येते, पण मग सगळेच नमुने तसेच ठेवा. निम्मे गोठवलेले आणि निम्मे इथेनॉलमधले, अशांची तुलना होत नाही.

किती वेळा? ऋतू पाहायचा तर आठवड्याला एक नमुना पुरतो. स्रावाचे दिवस पकडायचे असतील तर एक दिवसाआड, कारण तो जोर मोजक्या दिवसांत ओसरतो आणि आठवड्याच्या जाळीतून सहज निसटतो.

सुकवणे आणि अर्क

लेंडीतला ओलावा चाऱ्यावर अवलंबून असतो, म्हणून हार्मोन कोरड्या वजनावरच सांगायचे. फ्रीझ ड्रायर (गोठवून सुकवणारे यंत्र) मिळाला तर छान, नाहीतर ५० ते ६० अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत सुकवा. मग कुटून चाळून घ्या. काड्या-तंतू चाळणीत राहतील, खालची पूड वापरायची. कुटताना मास्क घाला. शेळीच्या आजारांपैकी काही माणसाला लागतात. जून ते सप्टेंबर पुण्याच्या हवेत ही पूड बघता बघता ओलावा धरते, तेव्हा ती सिलिका जेल घातलेल्या डेसिकेटरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्या काढल्या वजन करा.

०.२ ग्रॅम पूड, ५ मिलिलिटर ८० टक्के मिथेनॉल, अर्धा तास व्हॉर्टेक्सवर हलवणे, नंतर सेंट्रिफ्यूज. वरचा निवळ द्रव म्हणजे अर्क. तो लहान कुप्यांत विभागून गोठवा, म्हणजे पुन्हा पुन्हा वितळवावा लागणार नाही. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे. काम फ्यूम हूडमध्ये करा, घरच्या स्वयंपाकघरात कदापि नको.

प्लेटवरची मोजणी

एन्झाइम इम्युनोअसे, म्हणजे अँटिबॉडीच्या मदतीने हार्मोन मोजण्याची पद्धत, हिची ९६ खड्ड्यांची प्लेट वापरतात. प्रत्येक खड्ड्यात अँटिबॉडीच्या मोजक्या जागा असतात. पीएमपीच्या बसमध्ये जशा ठरलेल्याच सीट असतात, तशा. नमुन्यातले हार्मोन आणि किट बनवणाऱ्या कंपनीने खूण लावलेले हार्मोन, दोघेही त्याच जागांसाठी धडपडतात. नमुन्यातले जास्त असेल तर खूण लावलेल्याला जागा कमी मिळते आणि रंग फिका येतो. फिका रंग म्हणजे जास्त हार्मोन, हे उलटे नाते नवख्याला सवयीचे होईपर्यंत वहीच्या कव्हरवर लिहून ठेवावे.

बाजारातले बहुतेक किट माणसाच्या रक्तासाठी बनवलेले असतात. लेंडीत मूळ टेस्टोस्टेरॉन फारसे नसते. यकृत आणि आतड्यांतून जाताना त्याचे रूप बदलते आणि ती बदललेली रूपे आपण मोजतो. म्हणून किटची अँटिबॉडी त्या रूपांना ओळखते का, हे विकत घेण्यापूर्वी विचारा. घेतल्यावर दोन चाचण्या करा. एक म्हणजे अर्क पायरीपायरीने पातळ करत जा आणि त्याची रेषा प्रमाण द्रावणाच्या रेषेला समांतर येते का बघा. दुसरी, अर्कात ठाऊक प्रमाणात हार्मोन मिसळा आणि ते तितकेच परत मोजले जाते का पाहा. प्रत्येक नमुना दोन खड्ड्यांत लावा. एकाच प्लेटमधला फरक दहा टक्क्यांच्या आत आणि वेगवेगळ्या प्लेटमधला पंधराच्या आत राहायला हवा. एकाच नराचे सगळे नमुने शक्यतो एकाच प्लेटवर बसवा.

हिशेब असा. समजा प्लेटने मिलिलिटरला ०.४ नॅनोग्रॅम दाखवले आणि तुम्ही अर्क दहापट पातळ केला होता. म्हणजे मूळ अर्कात मिलिलिटरला ४ नॅनोग्रॅम. अर्क ५ मिलिलिटर, म्हणून एकूण २० नॅनोग्रॅम. पूड ०.२ ग्रॅम होती, तेव्हा ग्रॅमला १०० नॅनोग्रॅम. हा आकडा दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्याशेजारी ठेवून ‘आमचा नर जास्त’ असे म्हणू नका. अँटिबॉडी बदलली की आकडाच बदलतो.

आलेख वाचताना

प्रत्येक नराचा वेगळा आलेख काढा. त्याच्या नमुन्यांची सरासरी आणि प्रमाण विचलन काढा, सरासरी अधिक दोन विचलनांच्या वरचे आकडे बाजूला करा, उरलेल्यांची पुन्हा सरासरी, असे वर काहीही उरत नाही तोपर्यंत करत राहा. शेवटी मिळते ती त्या नराची नेहमीची पातळी, आणि बाजूला पडलेले आकडे हे त्याचे खरे चढ. या तारखांखाली ग्रंथीची अवस्था लिहा: शांत, सुजलेली, स्राव चालू, पिकणे.

एका बोकडाचे पन्नास नमुने म्हणजे पन्नास बोकड नव्हेत. साधा सहसंबंध काढून ‘हार्मोन आणि कस्तुरीचे नाते सिद्ध’ असे लिहिलेले मला वाचवत नाही. एकाच जनावराच्या पुन्हा पुन्हा घेतलेल्या मोजण्यांसाठी मिश्र प्रारूप (मिक्स्ड मॉडेल) वापरावे, आणि ते येत नसेल तर संख्याशास्त्र विभागात जाऊन नमुने घेण्याच्या आधी विचारावे.

कस्तुरीचे वजनही तितकेच जपून धरायचे. ते वयावर ठरते: दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नर स्रवू लागतो, भर वयात सर्वांत जास्त देतो, मग उतरतो. आदल्या वर्षीची काही पिशवीत उरली होती का, ती पूर्ण पिकली होती का, वजन ओल्या कस्तुरीचे की कोरड्या, नर त्या उन्हाळ्यात आजारी होता का, हे सगळे त्या एका आकड्यात मिसळलेले असते. दोन नरांत फरक दिसला तर आधी ही यादी तपासा, हार्मोनकडे नंतर या.

खऱ्या प्राण्याकडे जाण्याआधी

बोकडावरची पडताळणी, समांतरतेचे आलेख आणि नमुना गोळा करण्याची लेखी पद्धत एकत्र बांधून ठेवा. हैदराबादला सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेची ‘लॅकोन्स’ ही प्रयोगशाळा वन्यप्राण्यांच्या विष्ठेतून हार्मोन मोजण्याचे काम करते. तिथल्या संशोधकांना पत्र लिहाल तेव्हा हीच फाइल सोबत जोडा. अर्जात स्पष्ट लिहा की नमुने रोजचा सेवक साफसफाईच्या वेळीच उचलेल, अनोळखी माणूस कुंपणात शिरणार नाही. घाबरलेला कस्तुरीमृग कुंपणावर धडका घेतो आणि जायबंदी होतो. मे-जून हा पिल्ले होण्याचाही काळ, तेव्हा माद्यांच्या बाजूला फिरकायचेच नाही. प्रत्येक नर वेगळ्या कप्प्यात असेल तरच काम घ्या. एकत्र असतील तर खाद्यात निरुपद्रवी रंगीत कण मिसळून कोणाची लेंडी कोणती ते ओळखावे लागते, आणि त्यालाही पशुवैद्यांची मंजुरी लागते.

नमुने फेब्रुवारीत सुरू झाले पाहिजेत, म्हणजे मेच्या आधी नेहमीची पातळी हातात असते. शेवट पुढच्या जानेवारीनंतरच करा, नाहीतर थंडीतला दुसरा चढ नोंदलाच जाणार नाही. परवानग्यांना लागणारे महिने धरता अर्ज आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात जायला हवा, आणि बोकडावरचे काम त्याच्याही आधी संपलेले हवे.